नाचणीची चार नावे आणि विज्ञानाचा जमाखर्च

कोकणात जी नाचणी, नाशिककडे जी नागली, तीच म्हैसूरला रागी आणि उत्तराखंडात मंडुवा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे धान्य एकच आहे हे पहिल्या घासालाच कळते. संगणकाला मात्र ते कळत नाही. त्याच्या लेखी हे चार निरनिराळे शब्द असतात. आपल्या देशातील वैज्ञानिक सहकार्याची अडचण नेमकी येथे आहे, असे माझे मत आहे.

म्हैसूरमध्ये १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि १९६१ पासून संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे. शेजारच्या मंड्यात लक्ष्मणय्यांनी भारतीय आणि आफ्रिकी वाणांच्या संकरातून रागीचे 'इंडाफ' वाण सिद्ध केले. वाणाची माहिती एकीकडे, दळण-प्रक्रियेची दुसरीकडे, पोषणमूल्यांची तिसरीकडे आणि बाजारभावाची चौथ्या खात्याकडे. 'कोणत्या वाणाचे पीठ जास्त टिकते आणि त्यातून शेतकऱ्याला काय मिळते?' या साध्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणा एकाजवळ नसते.

आशय व्यवस्थापन प्रणालींची वाण आपल्याकडे नाही. 'ईप्रिंट्स', 'डीस्पेस', 'ड्रुपल' या प्रणाली विनामूल्य आहेत आणि शासकीय संस्थांतून वापरातही आहेत. परंतु प्रणाली म्हणजे कपाट. कागदांमधील नाते ती आपोआप जोडत नाही. ते नाते जोडण्याची कल्पना म्हणजे टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेले 'सिमँटिक वेब'. प्रत्येक वस्तूला एक कायम ओळख द्यायची आणि 'इंडाफ-५ हे रागीचे वाण आहे' अशी विधाने यंत्राला वाचता येतील अशा रीतीने नोंदवायची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 'ॲग्रोव्होक' हा शब्दसंग्रह याच तत्त्वावर चालतो : संकल्पना एक, नावे अनेक भाषांतील.

धोरणेही आहेत. २०१२ चे राष्ट्रीय विदा सामायिकीकरण धोरण आहे. २०१४ मध्ये केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी अनुदानित संशोधनाचे निबंध खुल्या भांडारात ठेवण्याचे धोरण स्वीकारले. तरी काम अडते, कारण नोंद करण्याचे श्रम एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा. अर्थशास्त्रात अशा वस्तूचा पुरवठा नेहमीच अपुरा राहतो. त्यावर आवाहने उपयोगी पडत नाहीत. नियम आणि मोबदला लागतो.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. प्रकल्पाच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता विदा योग्य ओळख-क्रमांकांसह जमा झाल्यावरच द्यावा. अंदाजपत्रकात यंत्रसामग्रीबरोबर नोंदी सांभाळणाऱ्या प्रशिक्षित ग्रंथपालाचे वेतन धरावे. आणि बढतीच्या वेळी अशा नोंदींचे काम निबंधांइतकेच मोजावे.

यावर आक्षेप असा की, कष्टाने मिळविलेली विदा दुसराच वापरून नाव मिळवील. ही भीती खोटी नाही. संशोधकाला ठरावीक मुदतीपर्यंत ती राखून ठेवण्याचा अधिकार द्यावा. परंतु मुदत संपल्यावर ती सर्वांची व्हावी, कारण तिचा खर्च जनतेने केलेला असतो.

शास्त्रज्ञ निवृत्त होतो, अधिकाऱ्याची बदली होते. त्यांच्यामागे नोंद नीट राहिली नाही, तर तोच प्रयोग पुन्हा होतो आणि त्याचे पैसे करदाता दुसऱ्यांदा भरतो.