ताशी लिटरांचं खूळ

खाऱ्या पाण्याची छोटी टाकी ठेवणाऱ्या मंडळींमध्ये एक मंत्र वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. टाकीतलं पाणी तासाला वीसपट फिरलं पाहिजे! कुणी तीसपट म्हणतं, कुणी चाळीस. मग काय, टाकी ७५ लिटरची असेल तर गुणाकार करायचा, १५०० किंवा ३००० असं काहीतरी उत्तर काढायचं, तो आकडा छापलेलं खोकं दुकानातून उचलायचं, पंप मागच्या कोपऱ्यात चिकटवायचा आणि प्रवाहाचा विषय संपला म्हणून हात झटकायचे.

मला हा मंत्र अजिबात मान्य नाही. वीसपट पाणी जास्त होतं म्हणून नव्हे. ताशी लिटर हा आकडा प्रवाळाला जे हवं आहे त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, म्हणून.

(आत्या, तू हे वाचणार आणि फोनवर विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. प्रवाळ हा दगड नाही, झाडही नाही. तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. उरलेलं खाणं प्रवाळ पाण्यातून पकडतो. पण त्याला पाय नाहीत. खाणं आणायचं, घाण न्यायची, प्राणवायूची ने-आण करायची, हे सगळं त्याच्यासाठी पाण्यानेच करायचं असतं.)

मुंबईच्या मे महिन्यात पंखा बंद पडला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. खोलीतली हवा तीच, तापमान तेच, पण घाम अंगावर तसाच राहतो, कारण अंगालगतचा दमट हवेचा थर हलत नाही. प्रवाळाच्या कातडीलगतही पाण्याचा असाच एक पातळ, जवळजवळ थिजलेला थर असतो. आत येणारं आणि बाहेर जाणारं सगळं त्या थरातून झिरपत जातं. बाहेरचं पाणी जोरात वाहिलं की थर पातळ होतो, मंदावलं की जाड होतो. दिवसा शैवालाने तयार केलेला प्राणवायू बाहेर पडला नाही, तर अन्न तयार करण्याचं कामच मंदावतं. इस्रायली शास्त्रज्ञांनी हे २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नीट दाखवलं आहे. १९९८ साली समुद्र तापून जगभरची प्रवाळं पांढरी पडली, त्यानंतर नाकामुरा आणि व्हॅन वूसिक यांनी २००१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं सार असं, की त्याच उन्हात, त्याच तापमानात वाहत्या पाण्यातली प्रवाळं तग धरतात आणि संथ पाण्यातली मरतात. म्हणजे प्रवाह ही चैन नाही. महागडे दिवे घेऊन पंपात काटकसर करणारे लोक बघितले की मला म्हणूनच राग येतो.

आता तो आकडा तपासू. जुन्या पद्धतीचा पॉवरहेड घ्या, ताशी ९०० लिटरचा, तोंड १२ मिलिमीटर रुंद. सेकंदाला २५० घनसेंटिमीटर पाणी सव्वा चौरस सेंटिमीटरपेक्षाही लहान भोकातून बाहेर पडतं. भागाकार करा, वेग येतो सेकंदाला दोन मीटरच्या वर. आता पंख्याचा पंप घ्या, ताशी ३००० लिटरचा, तोंड ४ सेंटिमीटर. त्याचा वेग येतो सेकंदाला ६६ सेंटिमीटर. खोक्यावरचा आकडा तिपटीहून जास्त, आणि तोंडाशी वेग तिसरा हिस्सा! मंत्रवाले पहिल्याला 'कमी' म्हणणार आणि दुसऱ्याला 'पुरेसा'. पण पहिला जर हॅमर किंवा टॉर्च प्रवाळावर जवळून रोखला, तर त्याचं मऊ मांस सांगाड्यावरून सोलून निघतं. बिचारं आकसून बसतं, आणि मालक म्हणतो की पाण्यात काहीतरी बिघडलंय, आणि औषधाच्या बाटल्या ओतायला लागतो.

छोट्या टाकीत हा घोटाळा जास्तच होतो. मोठ्या टाकीत झोताला पसरायला जागा असते. साठ सेंटिमीटर लांबीच्या टाकीत ती कुठून येणार? 'एवढ्याशा टाकीला कशाला इतका विचार' असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की विचार एवढ्याशा टाकीलाच जास्त लागतो.

दुसरी एक जमात आहे, ती म्हणते, फिल्टरमधून पाणी परत येतंच की! येतं. पण ते एका जागी, एकाच दिशेने, दिवसरात्र तसंच येतं. खडकाच्या मागे ते पोचतच नाही. तिथे गाळ साचतो, आणि काही आठवड्यांत वाळूवर तो कुप्रसिद्ध लालसर शेवाळी चिकटा पसरतो. खरा समुद्र असा वागतो का? मालवणला गुडघाभर पाण्यात उभे राहिलेल्या कुणालाही विचारा. लाट येते, ढकलते, क्षणभर थांबते, आणि मग परतीची ओढ पायाखालची वाळू काढून नेते. प्रवाळाचं सगळं आयुष्य या येण्या-जाण्यात गेलेलं असतं. त्याला आपण बागेतल्या नळीसारखी एकच धार देतो.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. आधी खडक रचा, मग पंप निवडा. लोक नेमकं उलट करतात. खडक काचेला टेकवून भिंत बांधू नका, मागून पाणी जाईल एवढी फट ठेवा. एका मोठ्या पंपाऐवजी दोन छोटे घ्या, आणि तेही रुंद तोंडाचे. एक बाजूच्या काचेवर, वरच्या तिसऱ्या भागात, समोरच्या काचेकडे तिरका आणि किंचित वर रोखलेला, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग थरथरत राहील. वरची तेलकट साय मोडते आणि हवेशी देवाणघेवाण होते ती तिथेच. दुसरा समोरच्या बाजूला, थोडा खाली, मागच्या काचेलगत वाहणारा, खडकामागचा गाळ उठवण्यासाठी. दोन्ही झोत काचेवर किंवा एकमेकांवर आपटू द्या, प्राण्यावर नको. वाळू उडायला लागली तर पंप वर घ्या. टाकीत ॲनिमोन असेल तर पंपाच्या शोषणाच्या बाजूला जाळी किंवा स्पंज हवाच, कारण तो प्राणी चालतो, आणि पंपात सापडला की एकटा मरत नाही, सगळी टाकी घेऊन जातो.

आणि मोजमाप? चिमूटभर बारीक खाणं टाका आणि दोन मिनिटं बघत बसा. कण कुठे घुटमळतात, कुठे गोळीसारखे सुटतात ते दिसतं. प्रवाळाची बोंडं झुलायला हवीत, एकाच दिशेला वाकून राहायला नकोत. मशरूम प्रवाळाला निवांत कोपरा द्या, ॲक्रोपोरा असेल तर त्याला जोरात पण सतत बदलतं पाणी द्या. एकाच टाकीत दोघांच्या गरजा वेगळ्या, तर मग 'वीसपट' कुणासाठी? या मंत्राचा उपयोग मला एवढाच दिसतो, की दहापटीच्या आतला पंप कुणी घेऊ नये.

वॉटचं गणितही कुणी सांगत नाही. बुडालेला पंप जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच राहते. २० वॉटचा पंप ७५ लिटर पाण्याला दिवसभरात पाच-साडेपाच अंश तापवण्याइतकी उष्णता सोडतो. त्यातली बरीच काचेतून आणि वरून निघून जाते हे खरं, पण उन्हाळ्यात ती कुठे जाणार? आजचे वेग कमीजास्त करता येणारे छोटे पंप याच्या निम्म्याहून कमी विजेवर चालतात.

आणि वीज गेली तर? इथे न्यू जर्सीत २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा कित्येक घरांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी टाकी थंडीने मरायच्या आधी प्राणवायूवाचून मरते. दिव्यांशिवाय दोन दिवस निघतात, प्रवाहाशिवाय भरलेल्या टाकीचे काही तासही कठीण. बॅटरीवरचा हवेचा पंप फार महाग नसतो. तो नसेल तर टाकी ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ता. क. पुण्याहून चुलत भावाने विचारलंय म्हणून सांगतो. भारतात सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. बाजारात कुणी पिशवीत घालून देत असेल तरी घेऊ नकोस. क्लाउनफिश ठेव, खडक कृत्रिम घे. पंपाचे नियम तेच, कारण माशालाही श्वास घ्यायचाच असतो.

ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी जरूर भांडावं. फक्त भांडायच्या आधी खोकं बाजूला ठेवून टाकीसमोर दोन मिनिटं बसावं आणि मग बोलावं. त्या जिवांना उठून दुसरीकडे जाता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.