आधी वारस, मग भाव

वेंगुर्ले तालुक्यातील मूळ घर विकावयास निघालेला चाकरमानी प्रथम भाव काढतो. प्रथम काढावयास हवा तो सातबारा. कोकणात तो बहुधा सामाईक असतो आणि आजोबांच्या पश्चात वारसनोंदही कित्येकदा राहून गेलेली असते. घरपट्टीच्या पावतीवर विसंबणे व्यर्थ. ती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे.

त्याहून मोठी चूक बहिणींना वगळण्याची. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. ‘लग्नात सारे दिले’ ही सबब आता टिकणारी नाही. बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडला, तरी हक्कसोडपत्र नोंदवावेच लागते. एकाने आपला हिस्सा परस्पर विकला, तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार त्रयस्थ खरेदीदाराला कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही. जाणता खरेदीदार म्हणूनच भाव पाडतो.

तेव्हा विसार घेण्यापूर्वी सर्व वारसांना एकत्र बसवावे. घरात टाळलेली ही बैठक पुढे न्यायालयात भरते, आणि तोवर घराचे वासेही उरत नाहीत.