भूक लागली म्हणून



या अंकात गावातल्या दारू दुकानांविरुद्धच्या मतदानावर दोन लेख आहेत. संपादकीयही त्याच विषयावर लिहायचं ठरलं होतं. पण लिहायला बसले की दर वेळी एक जेवण मधे येत होतं. शेवटी म्हटलं, आधी ते जेवण लिहून टाकावं. दारूचा विषय त्यातही आहेच.

आमच्या पोखर्णीच्या बचत गटाच्या कर्जाच्या फाइलसाठी आम्ही पाचजणी परभणीला गेलो होतो. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे 'एकीनं जाऊन यावं' ऐवजी 'सगळ्याच जाऊत' असं होतं हल्ली. कामाला चार वाजले. सकाळी घरच्यांना खाऊ घालून निघालेल्या बायका, स्वतःच्या पोटात चहाशिवाय काही नाही. एरवी अशा वेळी आम्ही स्टँडवर केळी घेतो, ती बसमध्ये खातो आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागतो. त्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "आज बसून जेवूत. आयतं."

समोर जे दिसलं त्यावर पाटी होती – बार अँड रेस्टॉरंट, फॅमिली रूमची सोय. हॉटेल कुणा मोठ्या कंपनीचं नाही, इथल्याच एका घरचं. खालचं दालन जवळजवळ रिकामं, पंखे चालू, टेबलं पुसलेली. आम्ही आत पाऊल टाकलं तशी वेटरची नजर आमच्या मागे दाराकडे गेली.

"जेंट्स मागून येतेत का?"

"नाही, आम्हीच आहोत."

"मग वर फॅमिलीत बसा."

"आमी फॅमिली न्हाईत, बचत गट हावोत," आमच्यातली धाकटी म्हणाली. आम्ही हसलो, तो हसला नाही.

मी वर जाऊन पाहून आले. उभा अरुंद जिना, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला कळकट पडदा, दोन कप्प्यांत मिळून एक पंखा. हात धुवायला खालीच यायचं. मी परत आले तोवर मावशी खाली खुर्चीवर बसलेल्या होत्या. "मला जिना चढनं होईना," एवढंच त्यांचं म्हणणं. मग मालक स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, अगदी हात जोडून बोलले. इथं पिणारे लोक बसतात, तुमच्याच चांगल्यासाठी सांगतोय, ताई.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पिनारे घरीबी बसतेत की. तिथून आमाला कोन वर धाडायलंय?"

मालकांना उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही, आणि मी समाजकार्यात एम.ए. नव्हे, चांगली एम.एस.डब्ल्यू. करून आले आहे.

आम्ही खालीच बसलो. वांग्याचं भरीत, शेवभाजी, ठेचा आणि ज्वारीच्या भाकरी. भाकरी पंचवीस रुपयाला एक हे मेनूकार्डावर वाचून दाखवल्यावर मावशींनी बोटांवर हिशोब सुरू केला. घरात रोज चौदा भाकरी, त्याला चाळीस वर्षं. हिशोब बोटांवर मावेना तेव्हा त्यांनी तो सोडून दिला आणि दुसरी भाकरी मागवली. गंमत म्हणून आम्ही हसलो खऱ्या, पण घरकामाच्या मोलावर मी आजवर जितकी शिबिरं घेतली त्यांत हा विषय इतक्या लवकर कुणाच्या डोक्यात शिरलेला मी पाहिला नव्हता.

आता थोडं कायद्याचं बोलू. कारण 'हॉटेल त्याचं, तो म्हणेल तिथं बसायचं' असं पुष्कळजणींना वाटतं. आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमाचं दुसरं उपकलम काढून वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं इथल्या प्रवेशावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणानं बंधन घालता येणार नाही, असं तिथं म्हटलं आहे. हॉटेल हा शब्द संविधानातच आहे! हॉटेलात दलितांना वेगळी कपबशी ठेवणाऱ्या देशात तो यावा लागला हे आपण विसरू नये. पण त्याच ओळीत 'लिंग'ही आहे, आणि ते मात्र कुणाला आठवत नाही. वेगळ्या कपबशीची लाज वाटायला लागली, निदान उघडपणे तरी. वेगळ्या जिन्याला आपण अजून सोय म्हणतो.

आणि परमिट रूमचं म्हणाल, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. पाच रुपयांचा एक दिवसाचासुद्धा मिळतो. त्यात वय पाहिलं जातं: बिअरला एकवीस, इतर दारूला पंचवीस. बाई की पुरुष, हे पाहून परवाना नाकारलेला नाही. तेव्हा बारमध्ये बाईनं कुठं बसायचं हे सरकारनं ठरवलेलं नाही. ते वेटरच्या नजरेनं ठरवलं आहे, आणि ती नजर त्याला आपल्याच घरांतून मिळाली आहे.

बाहेर खाणं ही आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींपुढे चहा आला, त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि एका कपावरून ग्रामण्य माजलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्याबद्दल लिहिलं आहे, ते जरूर वाचा. पण पुरुषांनी प्रायश्चित्त घेऊन, भांडून, नंतर सवयीनं ती वाट मोकळी करून घेतली. बाईला मात्र बाहेर जेवायला अजूनही निमित्त लागतं. आमच्या पोखर्णीत नृसिंहाच्या दर्शनाला केवढी बाया-माणसं येतात. देवळाबाहेर बाई निवांत बसून खाते, कुणी काही म्हणत नाही. लग्नाची पंगत, डोहाळजेवण, दवाखान्यात कुणाला डबा देताना त्यातलेच चार घास – सगळं चालतं. देव हवा, नातं हवं, नाहीतर आजारी माणूस हवं. नुसती भूक लागली, हे कारण पुरत नाही. (आमचा देव उंबरठ्यावर बसलेला, ना घरात ना बाहेर. फॅमिली रूमचा पडदा पाहून मला तोच उंबरठा आठवला, पण तिथं देव काही दिसला नाही.)

फॅमिली रूमबद्दल एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या पडद्याआड कुणाकुणाला आसराही मिळतो. वेगवेगळ्या जातींची, धर्मांची पोरं-पोरी गावात एका बाकावर बसू शकत नाहीत, ती तिथं अर्धा तास बोलतात. अंगावर पाजणारी आई तिथं सैल होऊन बसते. म्हणून ते कप्पे मोडा असं मी म्हणणार नाही. फक्त तिथं जायचं की नाही हे तिनं ठरवावं.

जेवण झाल्यावर संडास शोधत मागे गेले. एकच होता, पुरुषांचा, कडी नसलेला. त्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये दोघीजणी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. आम्ही खाल्ल्या त्या ह्यांच्याच. एक तर आमच्याच शेजारच्या गावची निघाली. सकाळी दहाला येतात, रात्री आठला शेअर रिक्षानं परत. संडासाचं काय, विचारलं, तर म्हणाली, "पानीच कमी पितो." चार वर्षं काम करतेय, आणि पुढचं दालन तिनं एकदाही पाहिलेलं नाही, कारण यायचं-जायचं मागच्या दारानं. घरी गावाला सांगताना ती 'मेसमध्ये कामाला आहे' म्हणते. बार म्हटलं की संपलं.

मुंबईत १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या अशाच बायकांचं. त्या निदान एकत्र येऊ शकल्या, कारण खाणावळीला अब्रू होती. बारच्या मागच्या शेडमधल्या बाईला संघटित करायचं तर आधी ती तिथं काम करते हे तिला बोलता आलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली दिल्लीतल्या हॉटेलांच्या खटल्यात, दारू विकली जाते तिथं बाईला नोकरी करायला बंदी घालणारं जुनं कलम रद्द केलं. बाईला संरक्षण द्यायचं म्हणून तिचं कामच काढून घेता येणार नाही, असा त्याचा रोख होता. डान्सबारच्या बंदीवरून २००५ साली चळवळीत आपल्यातच केवढे वाद झाले होते, ते जुन्याजणींना आठवत असेल. ते वाद संपलेले नाहीत, आणि घाईनं संपवूही नयेत.

आता आपल्या घरातलं. परभणीचा हा प्रसंग मी बैठकीत सांगितला तेव्हा एक कार्यकर्ती चिडून म्हणाली, "एकीकडं बाटली आडवी करा म्हणायचं आणि दुसरीकडं बारमधे जाऊन जेवायचं, लोक काय म्हणतील?" तिचा प्रश्न खोटा नाही. बाटली आडवी करायला काय लागतं हे तिनं सोसलं आहे. २००८ च्या नियमानं आधी पंचवीस टक्के बायकांच्या सह्या, त्या तपासून घ्यायच्या, मग गुप्त मतदान, आणि त्यात झालेल्या मतांच्या नव्हे तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. ऊसतोडीला गेलेली बाई, माहेरी गेलेली बाई, नवऱ्यानं कोंडून ठेवलेली बाई, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. १९९२ साली आंध्रात दुबगुंट्याच्या बायकांनी साक्षरतेच्या वर्गातून उठून सारा दारूचा लिलाव रोखला, ते आठवून आपण बळ घेतो. हे सगळं मला मान्य आहे. आपली लढाई मजुरी पिऊन टाकणाऱ्या, मारझोड पोसणाऱ्या, शाळेच्या वाटेवर मांडलेल्या धंद्याशी आहे. पण 'चांगली बाई बारमध्ये जात नाही' हे वाक्य आपलं नाही. मंगळूरमध्ये २००९ च्या जानेवारीत पबमधल्या मुलींना ज्यांनी मारलं, त्यांचं ते आहे. ते आपण उसनं घेतलं तर आपल्या आया-बहिणींना घरात मारणाऱ्याच्या हाती तेच देतो.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. मुंबईत शिकत असताना मी मैत्रिणींबरोबर अशाच हॉटेलांत बसून बिअर प्यायले आहे. परवाना लागतो हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सह्या गोळा करताना एका बाईनं मला सरळ विचारलं, "ताई, तुमी कदी घेतली का?" आणि मी "नाही" म्हणाले. पटकन, न अडखळता. मोहीम मोडेल म्हणून खोटं बोलले असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या पुढच्या दालनात आणि वरच्या पडद्याआड जो फरक आहे, तो माझ्याही मनात होता. मी चांगल्या बायांच्या बाजूला बसून घेतलं.

परत येताना बसमध्ये मी हे मावशींना सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. बराच वेळानं म्हणाल्या, "कडू असती का?" मी म्हटलं, असते. "मग कामून पितेत?" आणि मग पोखर्णीचा स्टॉप येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो, नवऱ्याच्या दारूबद्दल त्या माझ्याशी इतकं मोकळेपणानं याआधी कधी बोलल्या नव्हत्या.

सह्या मागताना विचारणाऱ्या त्या बाईकडेही मला जायचं आहे. अजून गेले नाही.

पुढच्या अंकासाठी तुमच्याकडून पत्रं हवी आहेत. आपल्या तालुक्याच्या गावी दोघी-तिघी मिळून हॉटेलात जा आणि खालच्या दालनात जेवा. कुठं बसवलं, काय विचारलं, बायकांसाठी संडास आहे का, त्याला कडी आहे का, आणि मागे भाकरी कोण थापतं, हे सगळं लिहा. हॉटेलाचं आणि माणसांचं नाव घालू नका. पत्रं महिनाअखेरपर्यंत पाठवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीकडून लिहवून घ्यावं, आणि तिलाही जेवायला बरोबर न्यावं.