'सौजन्य : सोशल मीडिया' म्हणजे कोण?

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरताना जगाने पाहिले ते तिथे अडकलेल्यांच्या मोबाइलमधून. अशा दृश्यांखाली वाहिन्या लिहून मोकळ्या होतात, 'सौजन्य : सोशल मीडिया'. पण सोशल मीडिया गच्चीवर उभा राहत नाही, माणूस राहतो. त्याचे नाव द्यायला काय हरकत आहे?

दक्षिण कोरियात 'ओहमायन्यूज'ने 2000 साली 727 नागरिक-वार्ताहरांना घेऊन सुरुवात केली. लिहिणारे सामान्य लोक, तपासणारे पगारी संपादक. बातमीवर लिहिणाऱ्याचे नाव, वर थोडे मानधन.

'लोकांना पत्रकारितेतले काय कळते?' असे विचारणारे तपासणीबद्दल बोलत असतील तर बरोबर आहे. बातमी आली की आधी शहानिशा करा, ही ताकीद सूरह हुजुरातमध्येच आहे. डोळे झाकून फॉरवर्ड करणाऱ्या आपल्या ग्रुपांनाही ती लागू आहे. पण शहानिशा करणे हे संपादकाचे काम आहे, फुकट घेण्याची सबब नव्हे.

आणि धोका? रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या देणाऱ्या शशिकांत वारिशे यांना 6 फेब्रुवारी 2023 ला राजापुरात गाडीखाली चिरडले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते तर वृत्तपत्राचे पत्रकार होते. मग ज्याच्या खिशात ओळखपत्रही नाही, त्या पोराच्या पाठीशी कोण?

संपादकांनो, आमचे व्हिडिओ जरूर घ्या. पण तपासून घ्या, नाव द्या, मानधन द्या. आणि उद्या कुणी त्या पोराच्या दारात धमकवायला आले, तर तिथेही तुमचा माणूस दिसू द्या.