सावधगिरीचा उपदेश कोणाला?

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात एक तरुणी फलटणच्या गाडीची वाट पाहत होती. ‘ताई’ अशी हाक मारून, गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून एका इसमाने तिला रिकाम्या उभ्या असलेल्या शिवशाहीत नेले व तिच्यावर बलात्कार केला, अशी फिर्याद दाखल झाली. पोलीस ठाणे तेथून हाकेच्या अंतरावर आहे. पुढे रखवालदार बदलण्याचे हुकूम निघाले. पण त्याचबरोबर ती त्याच्यामागे गेलीच कशी, ओरडली का नाही, याचीही जाहीर चिकित्सा झाली. जाब द्यायचा तो जणू तिनेच!

एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीला उपदेशाची वाण कधीच पडली नाही. अंधार पडल्यावर निघू नये, अनोळखी माणसाशी बोलू नये, रिकाम्या डब्यात चढू नये. मोटार बाळगणाऱ्या घरातील स्त्रीला हे कदाचित पाळता येईल. परंतु रात्रपाळी संपवून निघालेली परिचारिका, पहाटे ससून डॉक गाठणारी कोळीण, तालुक्याच्या बैठकीहून परतणारी अंगणवाडी सेविका यांची वेळ त्या ठरवीत नाहीत. ती मालक, बाजार आणि शासन ठरविते. मग त्या वेळेची जबाबदारी त्यांच्या एकट्यांच्या माथी का?

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढे ‘गाव तेथे एसटी’ हे ब्रीद झाले. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट मिळू लागले. ही सवलत मोलाची आहे, तिची टवाळी करणाऱ्यांनी शेतमजूर स्त्रीच्या पिशवीतील पैसे एकदा मोजावेत. पण रद्द झालेल्या गाडीचे अर्धे तिकीट घेऊन ती जाणार कोठे? शेवटची फेरी चुकली की उरते ते वडाप, नाही तर फलाटावरची रात्र. गाडीत वाहक असला तर निदान एक जबाबदार साक्षीदार असतो. विनावाहक गाड्या काढून काटकसर साधली, त्या हिशेबात हा साक्षीदार धरलाच नव्हता.

चळवळीनेही आपल्याकडे पाहावे. बैठका रात्री अकरापर्यंत लांबवायच्या आणि ‘महिलांची उपस्थिती रोडावली’ अशी खंत इतिवृत्तात नोंदवायची, हे पुष्कळ ठिकाणी चालते.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या स्थानकात रात्री शेवटची गाडी सुटेपर्यंत आणि नंतरही तासभर बसावे. दिवे किती लागतात, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे काय, चौकशीची खिडकी केव्हा बंद होते, उभ्या गाड्यांची दारे कोण पाहतो, हे टिपून आगार व्यवस्थापकापुढे ठेवावे. त्या शिष्टमंडळात रोज प्रवास करणाऱ्या स्त्रिया पुढे असाव्यात, आणि भेटीची वेळ त्यांच्या गाडीच्या वेळेनुसार मागावी.