फाडलेला चेक पुन्हा बुकात

क्वांटम संगणकाला पुरून उरतील म्हणून नावाजलेल्या दोन पद्धतींचा २०२२ साली साध्या संगणकांनीच निकाल लावला. ‘रेनबो’ या स्वाक्षरी-पद्धतीची सर्वांत खालची सुरक्षा-पातळी वॉर्ड ब्यूलेन्स यांनी लॅपटॉपवर सरासरी ५३ तासांत मोडून दाखवली. गुप्त किल्ली ठरवण्यासाठीच्या ‘साइक’ची तीच पातळी तर एका प्रोसेसर-कोअरवर तासाभरात कोसळली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेच्या त्याच निवड-स्पर्धेतली थोराड, संथ स्वाक्षरी-पद्धत ‘स्फिंक्स प्लस’ मात्र जागची हलली नाही.

तिचं मूळ १९७९चं, लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या युक्तीत. हॅश म्हणजे जातं : गव्हाचं पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत. सही करणाऱ्याने ५१२ गुप्त आकडे घ्यायचे आणि त्यांचं फक्त पीठ जाहीर करायचं. मजकुराच्या हॅशमधल्या २५६ बिटांना प्रत्येकी दोन आकडे. बिट शून्य असेल तर पहिला उघड करायचा, एक असेल तर दुसरा. तपासणारा तो दळतो आणि जुळतंय का बघतो. शोर यांची १९९४ची क्वांटम रीत आरएसए या प्रचलित पद्धतीचा पाया उखडते. इथे तिच्या हाती काही लागत नाही.

मेख एकच. तीच किल्ली दुसऱ्यांदा वापरली, की लपलेले आकडेही बाहेर येतात आणि खोटी सही करणाऱ्याचं फावतं.

राल्फ मर्कल यांनी अशा अनेक किल्ल्या एका झाडाची पानं केल्या आणि मुळाचा एकच हॅश जाहीर करायची सोय काढली. एक किल्ली म्हणजे एक चेक : चेकबुक तयार झालं. पण कोणता चेक फाडला याची नोंदवही ठेवणं आलं. एक्सएमएसएस आणि एलएमएस या स्वाक्षरी-पद्धती आजही अशाच चालतात. सर्व्हर बिघडला, कुणी कालचा बॅकअप चढवला, की फाडलेले चेक पुन्हा बुकात! गणित शाबूत, घात वहीने.

स्फिंक्स प्लसने वहीच काढून टाकली. झाड इतकं अवाढव्य, की चिठ्ठी टाकल्यासारखं उचललेलं पान दुसऱ्यांदा हाती येणं दुर्मीळ. आलंच तरी निभावतं, कारण इथल्या पानांवरच्या किल्ल्या मोजक्या वेळा पुन्हा वापरल्या तरी टिकतात. एनआयएसटीने ऑगस्ट २०२४मध्ये तिच्यावरून ‘एफआयपीएस २०५’ हे मानक काढलं. किंमत? त्यातली सर्वांत छोटी सहीसुद्धा ७,८५६ बाइटांची. आजच्या प्रचलित ईडी२५५१९ पद्धतीच्या सहीची ६४.

वेबसाइटच्या रोजच्या जोडण्यांना हे ओझं नकोच. उपकरणात बसवलेल्या प्रणालीची, म्हणजे फर्मवेअरची, गोष्ट वेगळी : सही क्वचित होते, आणि तपासणीची किल्ली बहुधा चिपमध्येच कोरलेली असते, नंतर बदलत नाही. म्हणून वर्षानुवर्षं भिंतीवर राहणारे वीजमीटर विकत घेणाऱ्यांनी निविदेतच विचारावं : अपडेटवर सही कोणत्या पद्धतीची, आणि वही सांभाळणार कोण?