शुद्धीवरची सही

दिवाळीच्या सुटीत मुलांना घरी नेण्यास पालक येतात, तेव्हा वसतिगृहाच्या रजिस्टरवर त्यांची सही घेण्याचा आपल्या शाळेचा रिवाज आहे. एखादा बाप नशेत आला, तर आम्ही त्याची सही घेत नाही आणि मूलही सोपवीत नाही. शुद्धीवर आल्यावर या, असे सांगतो. रिद्धपूर परिसरातील जुन्या पालकांना हा नियम ठाऊक आहे. ज्याची इच्छा त्या घटकेस त्याच्या ताब्यात नाही, त्याची सही आम्ही सही मानीत नाही.

विज्ञानाच्या एका क्षेत्रात हा साधा नियम फार उशिरा पोचला. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये व्यसनी कैद्यांसाठी सरकारी रुग्णालय उघडले. तेथील संशोधन केंद्रात मॉर्फिनसारखी द्रव्ये पूर्वी व्यसनी असलेल्या कैद्यांना देऊन त्यांचे परिणाम तपासले जात. कैदी स्वखुशीने येत, असे सांगितले जाई. पण कित्येकांना मोबदला म्हणून अमली द्रव्यच मिळे. १९७५ मध्ये सिनेटच्या समितीपुढे हे उघड झाले आणि १९७६ मध्ये तेथील कैद्यांवरील प्रयोग थांबले.

नुसता धिक्कार करून हा विषय संपत नाही. हेरॉइनच्या व्यसनावर आज आपल्या देशातील केंद्रांत जिभेखाली ठेवण्यास दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी अशा उपचारास उपयोगी ठरू शकेल, हे त्याच केंद्राच्या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडले. ज्यांची इच्छा विकत घेतली गेली, त्यांच्या देहावरून आलेले ज्ञान आज इतरांना सावरते. हे ऋण मान्य करूनच नीतीचा विचार केला पाहिजे.

पंचशीलातील पाचवे शील मादक द्रव्य वर्ज्य मानते, कारण त्याने माणसाची सावधता जाते. संमतीचा आधार हीच सावधता आहे. म्हणून व्यसनावरील संशोधन बंद व्हावे असे आमचे म्हणणे नाही. ते चार अटींवर व्हावे. ज्याला व्यसन नाही, त्याला ते लागेल असे द्रव्य देऊ नये. संमती नशेत अथवा तलफेत घेऊ नये. मोबदला द्रव्याच्या रूपात नसावा. आणि प्रयोग संपल्यावर त्या माणसाच्या उपचाराची जबाबदारी संशोधकाने घ्यावी.

हे दूरदेशीचे प्रकरण आहे, असे कोणी समजू नये. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात खम्मम जिल्ह्यातील मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस एका अभ्यासात देण्यात आली. तेथे नशेचा प्रश्न नव्हता, संमतीचा मात्र होता. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार तेथील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. अधीक्षक म्हणजे आमच्यासारखीच माणसे. हा आकडा वाचून आम्ही आमच्या रजिस्टरकडे नव्याने पाहिले.

त्यानंतर नियम कडक झाले. २०१९ च्या नियमांत, नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल स्वयंसेवकाची संमती घेताना दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे आहे. पण कॅमेऱ्यात होकार दिसतो. त्यामागची गरज दिसत नाही.

आपले कित्येक माजी विद्यार्थी आज परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत. उद्या असा कागद त्यांच्याच हातून कुणा मजुरापुढे सरकवला जाईल. तेव्हा त्यांनी तो त्याच्या वऱ्हाडीत वाचून दाखवावा, त्याला एक रात्र विचार करू द्यावा आणि तो नाही म्हणाला तर त्याचा मान राखावा. बाबासाहेबांनी प्रज्ञेबरोबर शील आणि करुणा मागितली होती. या शाळेने दिलेल्या शिक्षणाची खरी परीक्षा त्या कागदापाशी होईल.